आडवा चमचा

“जाणाऱ्याला मागून हाक घालू नकोस गं. अडवलेला माणूस अर्धाच उरतो.”

आईचा हा आवाज तिनं सात वर्षांची असताना ऐकला होता, वडील बोटीवर निघाले त्या सकाळी. आई दारात उभी, ओला फडका मुठीत, ओठ गच्च मिटलेले. वडील गेले ते गेलेच.

आज गोदीच्या कँटीनमध्ये किटली उतरवताना तोच आवाज पुन्हा कानाशी आला. खिडकीजवळ मिस्त्री बसले होते, बोटीच्या इंजिनाचे. त्यांच्या खिशात दोन कागद होते. एक बोटीवरच्या आणखी तीन वर्षांच्या कराराचा, दुसरा इथल्याच क्रेनच्या वर्कशॉपमधल्या नोकरीचा. दोनचा भोंगा व्हायच्या आत एकावर सही करायची होती.

“काय करू?” काल त्यांनी विचारलं होतं.

“तुमच्या मनाला येईल ते करा,” असं म्हणून बसली होती ती. तेव्हापासून स्वतःलाच बोल लावत होती.

नवऱ्यामागं पंधरा वर्षं तिनं हे कँटीन एकटीनं ओढलं. सगळी गोदी तिला ताई म्हणायची. मिस्त्री तेवढे म्हणत नसत. “ऐकलंत का, एक चहा,” एवढंच. आणि कपबशा विसळणारी धाकटी जाऊ तोंड फिरवून खुदकन हसायची.

बोट धक्क्याला लागली की मिस्त्री चहाच्या गोष्टी घेऊन येत. कुठं साखरेचा खडा दातांत धरून काळा चहा पितात, कुठं चहात मीठ अन् लोणी घुसळतात. कुठं पेला हलवून दाखवला नाही, तर यजमान ओततच राहतो.

“आणि एका बंदरात म्हणे चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा, म्हणजे पुरे. मला काय ठाऊक! अकरा पेले रिचवले. शेवटी घरची म्हातारी रडकुंडीला आली, तिची चहाची पूडच संपली!”

त्या दिवशी ती पोट धरधरून हसली होती. मग तीच खूण ठरून गेली. दुसरा कप झाला की मिस्त्री चमचा आडवा ठेवत, ती किटली मागं घेई, ते उठत. सहा वर्षं हे असंच.

आज दुसरा कप संपला. चमचा बशीतच राहिला.

तिनं तिसरा ओतला. मग चौथा.

“मिस्त्री, पोटात टाकी बसवून घेतलीत की काय?” जाऊनं विचारलं.

“चहा फक्कड झालाय आज.”

“कसला फक्कड! जाऊबाई, अहो, या किटलीला साखरेचा डबा उघडलाय कुणी?”

तिनं डब्याकडं पाहिलं. झाकण घट्ट. तीन चमचे साखर लागणारा हा माणूस चार कप कडू चहा मुकाट प्यायला होता. आणि आताही पाचव्यासाठी कप पुढं सरकवत होता.

घड्याळात दोनला पाच कमी. किटलीत थेंब उरला नव्हता.

दारातली आई तिला क्षणभर दिसली. मिटल्या ओठांची.

तिनं बशीतला चमचा उचलला, पुसला, आणि स्वतःच्या कमरेला खोचला.

“ऐकलंत का,” ती म्हणाली. मागं विसळण्याचा आवाज थांबला. “जाऊ नका. मला तुम्ही इथं हवे आहात.”