पेटी नजरेत असावी

“मॅडम, पेटी रिकामी निघते ती कुणाला तक्रारच नाही म्हणून, का पेटीपाशी गेलेलं दिसतं म्हणून?”

प्रश्न विचारून झाला आणि मग नौशीनला कळलं, की आपण उभ्या आहोत. अख्ख्या सभागृहात आपण एकट्याच उभ्या आहोत! शेजारच्या अपेक्षानं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली होती. आठवडाभर डबा द्यायच्या बोलीवर तिनं आणि वर्गातल्या क्रांतीनंच नौशीनला डिवचलं होतं, “हाय का दम तुझ्यात?” गेल्या महिन्यात वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून नौशीनला दम या शब्दाचं भारी प्रेम वाटायला लागलं होतं. आता मात्र उभं राहावं की खाली बसावं, तेही तिला सुचेना.

व्यासपीठावर साताऱ्याहून आलेल्या फौजदार मॅडम होत्या. त्यांच्या एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला ठेकेदार लालासाहेब. शाळाशाळांतून मुलींसाठी कॅमेरे आणि तक्रारपेट्या बसवायचं पोलिसांचं टेंडर गेल्या वर्षी लालासाहेबांना लागलं होतं. आता त्याहून मोठं निघालं होतं. ज्या बायका-मुलींवर अत्याचार झालाय त्यांच्यासाठी जिल्हाभर मदत केंद्रं उभी करायची, असं ते काम. आपलं जुनं काम किती झकास झालंय ते दाखवायला लालासाहेबांनी मॅडमना थेट वडूजला आणलं होतं. आत्ताच ते माईकवर गरजले होते, “ह्या शाळेत वर्षभरात शून्य तक्रारी! शून्य!” आणि अंगठा-बोट जुळवून त्यांनी तो शून्य सगळ्यांना दाखवलाही होता.

“कुणाला दिसतं?” मॅडमनी विचारलं.

“पेटीच्या बरोबर समोर कॅमेरा आहे, मॅडम. आणि त्याचा टीव्ही ऑफिसात असतो.”

“ऑफिसात तो कोण बघतं?”

 सत्काराचे नारळ घेऊन कडेला उभा असलेला क्लार्क बाळासो नारळांच्या शेंड्या सारख्या करू लागला. मग त्यानं मान वर केली आणि नौशीनकडे बघून तो हसला.

“आवं मॅडम, ती टेंडरचीच अट हाय,” लालासाहेब घाईनं म्हणाले. “‘पेटी कॅमेऱ्याच्या नजरेत असावी.’ उद्या कुणी पेटीच उचलून नेली तर? आमच्या मतीननं बसवलीय. काय रं मतीन?”

सगळी डोकी दाराकडे वळली. माईक खरखरत होता म्हणून बोलावलेला एक बारीक अंगाचा माणूस तिथं हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा होता. नौशीनचे अब्बा.

“व्हय साहेब,” अब्बा म्हणाले. “अटीपरमाणंच.”

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, “अट पेटीच्या काळजीची दिसते. मुलींच्या नाही.” आणि मुलींकडे वळून, “उद्या सकाळी मी इथल्याच ठाण्यात आहे. ज्यांना काही सांगायचंय त्यांनी आई-वडिलांना घेऊन या. पेटीची गरज नाही.”

आई-वडिलांना घेऊन! नौशीन मटकन खाली बसली.

दिवाळीनंतर क्रांती एकदा चिठ्ठी टाकायला पेटीपाशी गेली होती. ती वर्गात परत येते न येते तोच बाळासो दारात हजर. “काय गं, कुणाची चुगली टाकलीस?” आणि चुगली त्याचीच होती. ऑफिसातून मुलींचे नंबर काढून तो मेसेज करायचा. आज वेणी छान होती, गॅदरिंगचा एखादा फोटो पाठव, असलं काहीबाही. त्या दिवसापासून मुली पेटीला वळसा घालून जायला लागल्या.

हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं. ते मेसेज नौशीनलाही येत होते, हे मात्र क्रांतीलाही ठाऊक नव्हतं. शाळेकडे नंबर अम्मीचा होता. अभ्यासाचे व्हिडिओ नौशीन त्याच मोबाईलवर बघायची, त्यामुळे अम्मी नमाजाला उभी राहिली की ही आधी मेसेज पुसून टाकायची. घरात कळलं तर काय होईल ते तिला पक्कं माहीत होतं. शिराळ्याच्या तिच्या मामेबहिणीला एका पोरानं गुलाबाचं फूल काय दिलं, बिचारीचं दप्तरच माळ्यावर गेलं. मग भाषणं कुठली आणि कॉलेज कुठलं!

संध्याकाळी अब्बा घरी आले ते चपला न काढताच स्टुलावर बसले.

“काय नडलं हुतं तुझं?”

नौशीन भिंतीला टेकून उभी राहिली. अम्मी चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थबकला.

“आख्खी हयात लोकांचे पंखे, मोटारी, टीव्ही दुरुस्त करण्यात गेली,” अब्बा म्हणाले. “कुणी मतीन म्हनलं, कुणी नुसतंच ए टीव्हीवाल्या. पयल्यांदा सरकारी कामात नाव आलं. आज लालासाहेबानं गाडीपाशी बोलावलं. म्हनला, पोरीनं उद्या हेडमास्तरापुढं माफी मागायची. मैत्रिणींनी चढवलं म्हणून बोलले, म्हणायचं. न्हाईतर मदत केंद्राच्या कामाला तू न्हाईस.”

“खरंच चढवलं तिला, सांगून टाकू की,” अम्मी म्हणाली. “पोरगीच हाय. तोंड हाय तिला लांबलचक.”

“मला येवढंच सांग,” अब्बांचा आवाज बारीक झाला, “कॅमेरा लावण्यात माझं काय चुकलं?”

“काय न्हाई चुकलं, अब्बा.”

“मग?”

पिठाच्या डब्यावरचा मोबाईल टुणकन वाजला.

नौशीन झेपावली, पण अम्मीचा हात जवळ होता. पीठ लागलेलं बोट पदराला पुसून तिनं मोबाईल डोळ्यांपुढं धरला. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे ती एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं वाचायची.

“‘शाळा ऑफिस’ असं आलंय. स... सभेत लय... ध... धाडस...”

“अम्मी, दे इकडं. अभ्यासाचं असंल.”

“थांब की. धाडस आलं हुतं गं राणी. राणी?” अम्मीनं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. “तुझ्या बापाचं बिल... कुणाच्या... टे... टेबलावरनं जातं... म्हाईत हाय न्हवं?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती कुणीच उलटली नाही.

अब्बांनी मोबाईल घेतला. अंगठ्यानं वर सरकवून बघितलं. वर काहीच नव्हतं.

“ह्याच्या आधीचं कुठाय?”

“पुसलं मी.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं. मलाच न्हाई अब्बा, लय जणींना येतात. बाळासो पाठवतो.”

बाळासोचं नाव ऐकून अब्बा ताडकन उठतील, दार आपटतील, कुणाचं तरी डोकं फोडायला धावतील, असं नौशीनला वाटलं होतं. ते उठलेच नाहीत. आपल्याच हाताच्या बोटांकडे बघत बसले.

“टीव्हीम्होरं तोच असतो,” ते हळू म्हणाले. “चित्र जवळ कसं आणायचं, मागचं काढून कसं बघायचं, त्याला जमत नव्हतं. तीनदा जाऊन मीच शिकवलं. चहा पाजला हुता त्यानं मला.”

 अब्बा ओरडले असते तर नौशीनला परवडलं असतं.

“बास झालं,” अम्मी एकदम म्हणाली.  “उद्यापासनं शाळा न्हाई. शिराळ्याला मामूकडं जायचं. परीक्षेपुरतं यायचं. काय ती माफीबिफी तुमी मागून टाका हिच्या वतीनं, आन मिटवा.”

आलं! ज्याला भिऊन दिवाळीपासून ती मेसेज पुसत होती, तेच आता चुलीपाशी येऊन बसलं होतं. आणि गंमत म्हणजे, ते समोर आल्यावर नौशीनची भीतीच संपली.

तेवढ्यात अब्बांचा फोन वाजला. लालासाहेब. अब्बांनी बघितलं, पण उचलला नाही. फोन वाजत राहिला.

“उचला, अब्बा,” नौशीन म्हणाली. “त्यांना सांगा, ती माफी मागत न्हाई. काम गेलं तर ते माझ्यामुळं गेलं म्हणा, मी ऐकून घेईन. पण मी शिराळ्याला जाणार न्हाई, आन हा मेसेजही पुसणार न्हाई. उद्या मी ठाण्यात जाणार. मॅडमना माझं नाव सांगणार, नौशीन मतीन, आख्खं. तुमी दोघं आलासा तर तुमच्या मधी बसून सांगीन. न्हाई आलासा तर क्रांतीच्या आईबरोबर जाईन. आन तिथनं सुटले की सरळ शाळेत जाणार.”