लशीच्या डब्यातले पेन्शनचे कागद

मित्रांनो, दांडी गावात समुद्राकडे तोंड करून एक कौलारू घर आहे. त्या घराच्या ओटीवर, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला एक डबा तुम्हाला दिसेल. तो मी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते की मी जेवणाचा डबा आहे, कुणाला वाटते मासे ठेवायचा. खरे तर मी लशीचा डबा आहे. आता जुना झालो. झाकणाचा एक कोपरा फुटला आहे, पट्टाही दोनदा शिवलेला आहे. पण माझी हकिगत ऐकण्यासारखी आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये घट्ट फेस, असे माझे शरीर. आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या उभ्या करायच्या आणि मधोमध लशीच्या इवल्याशा कुप्या ठेवायच्या. बाहेर कितीही ऊन असो, ते आत शिरू द्यायचे नाही, हे माझे काम. काम छोटे होते, पण मी त्यात कधी चुकलो नाही.

आरोग्य केंद्रात आलो त्याच दिवशी मला शकू पागधरे यांच्या खांद्यावर अडकवले गेले. त्या तिथे आरोग्यसेविका होत्या. गावात त्यांना सगळे नर्सबाय म्हणत. भरतीच्या वेळी खाडी ओलांडायची असली की त्या मला सरळ डोक्यावर घेत आणि गुडघाभर पाण्यातून चालू लागत. डोंगराकडच्या पाड्यांवर जाताना मात्र मी नवसीच्या खांद्यावर असे. नवसी केंद्रात परिचर होती. फरशी पुसणे, पाणी भरणे, रडणारे मूल मांडीवर घट्ट धरणे, हे सगळे तीच करायची. ती स्वतः पाड्यावरची, त्यामुळे प्रत्येक पायवाट तिला तोंडपाठ होती.

एकदा एका पाड्यावर आम्ही पोहोचलो, तर सगळी दारे बंद. लशीने मुले लुळी होतात, असे कुणीतरी पसरवले होते. नर्सबाय रागावल्या नाहीत. अंगणात बसल्या आणि ज्याने दार किलकिले केले त्याला विचारत राहिल्या, "कोणी सांगितलं? त्याने स्वतः बघितलं का?" संध्याकाळपर्यंत कळले की बघितलेले कुणीच नव्हते. मग एकेक दार उघडले. माझ्यातली शेवटची कुपी संपली तेव्हा नवसी टाळ्या वाजवत होती.

अशी सोळा वर्षे गेली. एका उन्हाळ्यात माझे झाकण फुटले आणि माझे नाव निकामी वस्तूंच्या यादीत गेले. त्याच वर्षी नर्सबाय निवृत्त झाल्या. त्यांना शाल-श्रीफळ मिळाले, फोटो निघाला. मी भंगारात, तुटक्या खाटांच्या खाली. तिथे सात महिने पाली माझ्यात अंडी घालत होत्या. पुढे लिलाव झाला. माझ्यावर बोली लावणारा एकच माणूस निघाला, नर्सबायचे यजमान कमलाकांतभाऊ. त्यांनी मला घरी आणले आणि दुसऱ्याच दिवशी होडीवर नेऊन माझ्यात बर्फ आणि बोंबील भरून परत आणले.

"अवो, लशीच्या डब्यात बोंबील?" नर्सबाय ओट्यावरून ओरडल्या.

"मग काय झालं? बोंबलांना पण गार लागतं," कमलाकांतभाऊ म्हणाले.

त्या दिवशी मला तीन वेळा धुतले गेले आणि मला नवे काम मिळाले. समुद्राच्या खाऱ्या हवेने घरातले कागद दमट होत. म्हणून नर्सबायने आपले पेन्शनचे सगळे कागद माझ्यात ठेवले. तेव्हापासून उन्हाऐवजी दमटपणा आत येऊ द्यायचा नाही, एवढाच फरक.

मित्रांनो, गेल्या वर्षी चैत्रात मोबाईलवर एक मजकूर फिरू लागला. 'निवृत्तांच्या पेन्शनमध्ये मोठी कपात, महागाई भत्ता बंद, सर्वांना पाठवा.' तो आमच्या घरी पाठवला होता धर्मेश गुरुजींनी. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षे झाली होती, आणि त्यांचा शब्द म्हणजे पुस्तकातला शब्द, असे सगळे मानत.

नर्सबायने तो मजकूर चार वेळा वाचला. मग मला उघडून एकेक कागद पाहिला, जणू कागदांवरचे आकडेच कुणी नेले असावेत. दुसऱ्या दिवसापासून घरात भर दुपारी पंखा बंद. चहात दूध नावाला. कमलाकांतभाऊ दोन दिवस घामाघूम झाले, तिसऱ्या दिवशी सतरंजी घेऊन थेट सुरूच्या झाडांखाली झोपायला गेले.

"कपात झाली नाय अजून, आणि मी आधीच घरातून कापला गेलो," ते शेजाऱ्यांना सांगत होते.

नर्सबायला हसू आले नाही. त्यांची झोपच गेली होती. लोकांना आयुष्यभर धीर देणारी बाई स्वतः घाबरली, की तिला धीर कोण देणार?

पंधरा दिवसांनी त्या मला घेऊन नवसीकडे गेल्या. तीही आता निवृत्त झाली होती. नवसीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बोईसरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. पण ती तारीख निघून गेली आणि नवसी गेलीच नव्हती. भिंतीला हात लावत ती दाराशी आली.

"नवसे, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? उशीर करू नको म्हणून ना?"

"नर्सबाय, पेन्शन कापणार म्हणतात. घरात तेवढीच येते. डोळ्यासाठी ठेवलेलं मोडलं आन उद्या खायाला नसलं तर? डोळं काय, जेवताना हात तोंडाकडं बरोबर जातो."

"कोणी सांगितलं तुला, कापणार म्हणून?"

"तुमच्याच गुरुजींनी."

"त्यांनी स्वतः बघितलं का?"

हे शब्द तोंडातून निघाले आणि नर्सबाय एकदम थांबल्या. मला त्यांचे हसू ऐकू आले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. "अगं, मी पण दार बंद करूनच बसले होते की," त्या म्हणाल्या. त्यांनी मला उचलले आणि तिथूनच थेट धर्मेश गुरुजींचे घर गाठले.

गुरुजींना तो मजकूर त्यांच्या साडूने पाठवला होता. साडूला कुणी, ते माहीत नव्हते. गुरुजींचे कान लाल झाले. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, उत्तर तपासल्याशिवाय वही देऊ नका," ते पुटपुटले. "मी येतो तुमच्याबरोबर, शकूताई."

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही पालघरला गेलो. तिथल्या पेन्शनच्या कार्यालयात सपना नावाच्या तरुण मॅडम होत्या. नर्सबायने माझे झाकण उघडून कागद पुढे ठेवले. मॅडमनी ते नीट वाचले आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या पेन्शनमधून एक रुपया कमी झालेला नाही. भत्ताही बंद नाही."

गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. नर्सबायने मात्र विचारले, "मग हे उठलं कुठून?"

मॅडमनी एक छापील कागद दाखवला. तो नुसता मसुदा होता. महागाई भत्त्याची वाढ काही काळ थांबवावी का, असा विचार चालला होता आणि त्यावर लोकांचे म्हणणे मागवले होते. मुदत महिनाअखेरची. "आतापर्यंत किती जणांनी म्हणणं दिलं?" गुरुजींनी विचारले.

"आमच्याकडे? एकानेही नाही. फोन खूप येतात, रडतात, शिव्या देतात. लिहून कुणी देत नाही."

म्हणजे मजकूर खोटा होता, पण काळजी अगदीच खोटी नव्हती. परतताना नर्सबाय खिडकीत बसून गुणगुणत होत्या. त्यांना आता काम मिळाले होते, आणि काम मिळालेली नर्सबाय कशी असते ते मला ठाऊक होते.

मित्रांनो, ते अठरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस! मी पुन्हा खांद्यावर होतो. दांडी, एडवण, बोईसरच्या भाड्याच्या खोल्या, डोंगराकडचे पाडे. निवृत्त शिक्षक, वाहक, शिपाई, पोस्टमन, सगळ्यांच्या ओटीवर आम्ही गेलो. नर्सबाय आधी खरी बातमी सांगत, मग मसुदा वाचून दाखवत. धर्मेश गुरुजी प्रत्येकाचे म्हणणे स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहीत. "ही माझी शिक्षा," ते म्हणत, पण त्यांना ती शिक्षा फार आवडली होती. कुणी सही करी, कुणी अंगठा. कुठे चहा, कुठे ताडगोळे, कुठे सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी. चार-चार वर्षे न भेटलेली माणसे एकमेकांना भेटली. एडवणला तर दोन निवृत्त वाहक म्हणणे द्यायचे विसरून जुन्या गाडीच्या गिअरवरून तासभर भांडले आणि नंतर गळ्यात गळा घालून घरी गेले. कमलाकांतभाऊसुद्धा सतरंजी गुंडाळून आमच्याबरोबर फिरू लागले. घरातला पंखा पुन्हा चालू झाला होता, तरी.

मुदतीच्या दिवशी तीनशे बारा कागद माझ्यात खच्चून भरले होते. ते द्यायला पालघरच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या मोठ्या साहेबांनी पाच जणांना आत बोलावले. नवसीने हट्टच धरला, मी येणार. नर्सबाय तिचा हात धरून आत गेल्या.

"बोला, काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारले.

नवसीने हात जोडले आणि ठणठणीत आवाजात सुरुवात केली. "साहेब, सत्तावीस वरसं मी दवाखान्याची फरशी पुसली. बाळंतिणीचं रक्त पुसलं. तवा सरकार म्हणालं, नवसे, म्हातारपणी तुला बघू. मी सरकारवर इस्वास ठेवला."

खोलीत कुणीतरी खुदकन हसले. कारण नवसी बोलत होती ती कोपऱ्यातल्या कपाटाशी. कपाटावर साहेबांचा कोट टांगलेला होता.

"आजी, मी इकडे आहे," साहेब म्हणाले.

नवसी वळली. जराही लाजली नाही. "बघा साहेब. डोळ्याचं आपरेशन ठरलं होतं. पेन्शन कापणार आयकून मी गेली नाय. म्हणून तुमी मला दिसत नाय. पण आमी तुमाला दिसतो ना?"

हसणे थांबले. साहेब उठले, त्यांनी स्वतः खुर्ची ओढून नवसीला बसवले आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "आजी, निर्णय माझ्या हातात नाही. पण तुमचं म्हणणं मी आजच वर पाठवतो. आणि ऑपरेशन उद्याच करून घ्या. त्यासाठी कुणाच्या निर्णयाची वाट बघू नका."

बाहेर आल्यावर नवसी म्हणाली, "नर्सबाय, तारीख घ्या." निकालाची वाट न बघता तिने ती तारीख घेतली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दीड महिन्याने सपना मॅडमचा फोन आला. राज्यभरातून म्हणणी आली होती, आणि तो मसुदा मागे घेतला गेला होता. "पुढे पुन्हा निघाला तर?" गुरुजींनी विचारले. "तर काय, वाट माहीत झाली ना आपल्याला," नर्सबाय म्हणाल्या.

त्या रविवारी आमच्या अंगणात जेवण झाले. कमलाकांतभाऊंनी पापलेट आणले, पाड्यावरून तारपा वाजवणारे आले. निवृत्त पोस्टमन असे नाचले की त्यांची चप्पल वाळूत हरवली. नवसी उशिरा आली. नवा चष्मा, कुणाचाही हात न धरता. ती नर्सबायसमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली,

"नर्सबाय, तुमी एवढ्या म्हाताऱ्या कधी झाल्या वो?"

"तू डोळे मिटून होतीस तेव्हा," नर्सबाय म्हणाल्या आणि दोघी इतक्या हसल्या की त्यांना ओटीवर बसावे लागले. त्या नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. नवसीने मला जवळ ओढले, चष्मा नाकावर नीट बसवला.

"अगो बाय! हा आपला निळा डबा ना? पार काळा दिसतोय. केवढा मळलाय. कोणी धुतला नाय का याला?"

मित्रांनो, पाहुणी असूनही ती उठली, नारळाची शेंडी आणि साबण घेऊन विहिरीवर गेली आणि तिने मला घासायला घेतले. तेव्हा मला वाटले, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी काम केले, त्यांना फार काही लागत नाही. वस्तू असो वा माणूस, त्यांना कोपऱ्यात टाकू नका. तुमच्या घरात, शेजारी कुणी निवृत्त आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांच्या मोबाईलवर काही भलते आले असेल, तर खरे काय ते त्यांना शोधून द्या. त्यांचे म्हणणे लिहून घ्या. अक्षर गुरुजींइतके सुंदर नसले तरी चालेल.

अंगणात तारपा पुन्हा सुरू झाला. नवसीने मला उन्हात पालथे ठेवले, ओले हात लुगड्याला पुसले आणि नर्सबायला ओढत नाचायला घेऊन गेली.