उसवलेलं पोट

आमचे भाऊजी शिंपी. उघडं काही त्यांना बघवत नाही. पाहुण्याचं बटण लोंबत असलं तर आधी बटणाची विचारपूस होते, मग पाहुण्याची. अशा माणसाचं पोट डॉक्टरांनी उघडं ठेवलं आणि घरातली शांतता गेली.

आतडं फुटलं म्हणून ऑपरेशन झालं होतं. आतलं काम नीट झालं, पण कातडीच्या टाक्यांखाली पू धरला. डॉक्टरांनी वरचे टाके काढले, जखम धुतली आणि आत ओल्या पट्ट्या भरून तशीच सोडली. खालचा जाड थर शिवलेला होता. वरचं हळूहळू भरून येणार होतं.

"म्हणजे गिऱ्हाइकाला उसवलेल्या कोटात घरी पाठवायचं?" भाऊजींनी विचारलं.

"वरून बंद केलं तर घाण आत कोंडेल," डॉक्टर म्हणाले. "आधी तळ भरू दे."

भाऊजींनी मान हलवली. ती मान मी ओळखतो. 'कपडे उद्या नक्की' म्हणताना ती अशीच हलते.

रोज सकाळी नर्सबाई येऊन पट्ट्या बदलायच्या. तेवढा वेळ भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. नंतर दिवसभर चुळबूळ. खिडकी उघडा, खिडकी लावा, ही उशी कुणी दिली? खाली दुकानात माझी बहीण मशीन चालवायची. मशीन थांबली की "का थांबली?", सुरू झाली की "एवढी का पळवतेय?" भेटायला येणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो: एक सल्ला द्यायचा, एक चहा घ्यायचा. "अजून उघडीच? आमच्या काकांची तर लगेच मिटली होती." काका पुढे किती जगले, ते कुणी सांगत नसे.

मग नर्सबाई रजेवर गेल्या. जाताना बहिणीला सगळं शिकवून गेल्या. भाऊजी म्हणाले, "अगं, तू दुकान बघ, मी बदलतो पट्ट्या." बहिणीला जखम बघून गरगरायचं, तेव्हा तिने लगेच विश्वास ठेवला. सोयीचा असला की विश्वास फार लवकर बसतो.

त्यानंतर भाऊजींची चुळबूळ थांबली. चक्क शीळ घालायला लागले. मला तीच शीळ खुपली. आणि एका दुपारी बहिणीचा फोन आला, "लवकर ये, यांना हुडहुडी भरलीय."

मी सदरा वर केला. जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींजवळ ओढून चिकटपट्टीच्या फिती लावलेल्या, सगळ्या एका मापाच्या. इतकं सुबक काम त्यांनी माझ्या लग्नाच्या कोटालाही केलं नव्हतं. भोवतीची कातडी लाल, तापलेली, तटतटलेली.

"आतल्या पट्ट्या कुठायत?"

"काढल्या. एवढा बोळा आत ठेवून वरून मिटणार कसं, मेव्हणेबुवा?" दात वाजत असतानाही त्यांनी मला अडाण्यात काढलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली फीत सोडवली आणि पू भसकन बाहेर आला. बहिणीने माझा दंड धरला.

"खालचा थर सुटला असेल तर आतडी बाहेर येतील," डॉक्टर म्हणाले. "मग पुन्हा ऑपरेशन. आणि त्यातून काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही."

त्यांनी हातमोज्यातलं बोट जखमेत घातलं. एका टोकापासून सावकाश सरकवू लागले. भाऊजींनी या वेळी तोंड फिरवलं नाही. बोट जाईल तिकडे त्यांची नजर जात होती.

"धरून आहे," डॉक्टर म्हणाले. "नशीब समजा. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. एकाएकी गुलाबी पाणी वाहायला लागलं तर ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि थेट इकडे या. स्वतः काही करू नका."

घरी परतल्यावर पट्ट्या बदलायची वेळ आली तेव्हा बहिणीने हात धुतले.

"अहो, तिकडे बघा बरं."

"नाही, बघतो. कोपऱ्यापर्यंत जाऊ दे. दाबू नकोस, सैल भर." त्यांनी चादर मुठीत आवळली होती, पाय सारखे हलत होते.

पट्टी बसली. मग भाऊजींनी गादीखाली हात घातला आणि चिकटपट्टीची एक कोरी गुंडाळी काढून तिच्या हातात दिली.

"ही खाली घेऊन जा. माझ्या हाताशी नको."

बहिणीने हात पुढे तसाच ठेवला. "आणखी?"

भाऊजींनी छताकडे पाहिलं.

"कोटाच्या खिशात."