ताटलीत राहिलेलं नाणं

मी एक ताटली बोलतेय. स्टीलची, वीतभर रुंद, काठाला पोचा पडलेली. जुळे सोलापुरात सिद्धरामच्या किराणा दुकानात गल्ल्यापुढं मी बसलेली असते आणि गिऱ्हाइकं माझ्यात पैसे टाकतात. पैशांच्या इतक्या जवळ राहून कुणावर विश्वास ठेवायचा म्हटलं तरी जमत नाही. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर बोल नको.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा गोल तुकडा, वरून साच्याचा एक दणका, की झाली ताटली. रुद्राणीच्या लग्नात तिच्या मामांनी मला आहेरासाठी अक्कलकोटात विकत घेतलं आणि पाठीवर नाव कोरून घेतलं. नाव मामांचं, रुद्राणीचं नव्हे. आपण दिलंय हे जगाला कळलं पाहिजे, ही माणसांची पहिली खोड मला तिथंच दिसली.

रुद्राणी म्हणजे सिद्धरामची बायको. तिनं मला दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. मांजरानं एकदा पाडलं, तेव्हा हा पोचा आला. तशीच म्हातारी झाले असते, पण कोरोना आला. सिद्धराम मुळात घाबरट. कुणाचा हात लागू नये म्हणून त्यानं मला स्वयंपाकघरातून उचलून दुकानात आणलं. तोंडाला पंचा गुंडाळून लांबूनच ओरडायचा, "पैसे ताटलीत टाका!" नोटांवर सॅनिटायझर मारून त्या दोरीवर वाळत घालायचा.

कोरोना गेला. पंचा गेला, सॅनिटायझरची बाटली गेली. मी मात्र राहिले. का राहिले, हे सिद्धरामला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही स्वतःला विचारलं नाही.

तेव्हापासून माझ्या पोटात रोज चेहरे येऊन पडतात. नोटांवर सगळीकडे गांधीबाबा. नाण्यांचा मात्र नेम नाही. बहुतेकांवर नुसता आकडा, पण मधूनच एखादे संत, एखादे राजे, कुणी पुढारी. नाणं वाजलं की मी आधी चेहरा बघते. माणसं आकडा बघतात.

म्हणूनच त्या सकाळी दुकानापुढच्या बाकावर चेहऱ्यांवरून वाद पेटला तेव्हा मला हसू आलं. बाकावर शरणप्पा होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दुकानातला पेपर रोज फुकट वाचणारे गृहस्थ. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी मेसेज धाडला होता, 'नव्या नोटांवर कोणाचा फोटो हवा? मत द्या आणि पुढे पाठवा.' मेसेज निघाला कुठून, मत पोचणार कुठं, कशाचा पत्ता नव्हता. पण मत विचारलं की आपल्याकडं कुणी मागं राहत नाही.

"बसवेश्वर," सिद्धराम साखर तोलता तोलता म्हणाला.

"अहिल्यादेवी," दूध घालायला आलेली केराबाई म्हणाली. "आन् म्होरल्या बाजूला. मागं न्हाय."

शरणप्पांनी हात वर केला. "भांडता कशाला? प्रत्येक नोटेवर एकेक महापुरुष टाकायचा. सगळे समान. विषय संपला."

"मग पाचशेवर कोन आन् दहावर कोन?" केराबाईनं विचारलं.

सिद्धरामनं केराबाईकडं पाहिलं, केराबाईनं शरणप्पांकडं. पाचशेची जागा कुणीतरी मनातल्या मनात आधीच धरून ठेवलीय, असा प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय आला. महापुरुषांची अशी किंमत लावताना मी कुणाला पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "आमचे बाबासाहेब दहाच्या नाण्यावर कवाच आलेत की."

ही चांगुणा. पंचाहत्तरी ओलांडलेली, दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, पलीकडच्या इमारतीत मुलगा आणि सुनेबरोबर राहणारी. तिनं कमरेच्या पिशवीतून कापसात गुंडाळलेलं नाणं काढलं. बाहेरून पिवळं, आतून पांढरं, आणि मधोमध बाबासाहेबांचा चेहरा.

"ही नाणी निघाली तवा माज्या लेकानं, यशपालनं, बँकेतनं आणल्याली," ती म्हणाली. "आमच्या सगळ्या गणगोतात ती फोटोपाशी ठिवल्यात. कुणी खरचत न्हाय. मला काय ते पटत न्हाय बघ. नाणं म्हंजे फिराया पायजे. सिद्धराम, दहाचा साबण दे."

सिद्धरामनं मान हलवली. "मावशी, दहाचं नाणं चालत नाही हो. होलसेलवाला घेत नाही, गल्ल्यात पडून राहतंय. नोट द्या की."

शरणप्पांनी नाणं तिच्याकडून मागून घेतलं, उलटंपालटं केलं, नखानं टिचकी मारली. "नकली असेल. असा फोटो मी तरी कधी बघितला नाही," म्हणाले, आणि माझ्यात टाकून दिलं.

आवाजावरून खरं-खोटं मला कळतं. नाणं खणखणीत होतं.

चांगुणानं ते पुसून पुन्हा कापसात ठेवलं, नोट दिली, साबण घेतला. पायरी उतरता उतरता वळून म्हणाली, "दहाचं चालत न्हाय, का ह्यो चेहरा चालत न्हाय?"

"असं काय बोलता मावशी!" सिद्धरामचे कान लाल झाले.

आता खरं सांगायचं तर दहाचं नाणं या भागात कुणीच धड घेत नाही. सिद्धराम खोटं बोलला नव्हता. पण संशयाचं असं असतं, खरं उत्तर मिळालं तरी त्याचं पोट भरत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली आणि बाकाच्या टोकाला बसली. "सून म्हणती, आई, दहाचं नाणं कुणाचंच घेत न्हाईत, तुमी उगं मनाला लावून घेता. आसंल. बसून बघती."

रिक्षावाल्यानं दहाचं नाणं टाकलं, सिद्धरामनं परत केलं. केराबाईचंही परत केलं. चांगुणाच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या आणि मलाही बरं वाटलं. काही झालं तरी मी सिद्धरामच्या घरची.

मग शरणप्पा आले. बडीशेपची पुडी घेतली आणि खिशातून दहाचं नाणं काढलं, नुसत्या आकड्याचं. सिद्धराम त्यांच्याशी कानडीत बोलत होता. बोलता बोलता त्यानं हात पुढं केला, नाणं घेतलं, न बघता गल्ल्यात टाकलं.

चांगुणा उठून उभी राहिली. "ते कसं चाललं रं?"

"अहो, काका डोकं खातात. नाही म्हटलं की कायदा सांगत बसतात."

"मग मी बी खाती की डोकं. दे साबण."

सिद्धराम हसला. "बरं बाई, हरलो. ठेवा." आणि त्यानं मला तिच्यापुढं सरकवलं.

इथं सगळं मिटलं असतं. पण तिनं नाणं धरलेला हात खाली केला नाही.

"ताटलीत न्हाय. हातात घे."

"मावशी, कोरोनापासून सगळ्यांनाच ताटली आहे..."

"शरणप्पाचं हातात घेतलंस. आत्ता. माज्या डोळ्यांदेखत."

आता मला साक्ष द्यायलाच हवी. ती खरं बोलत होती. कुणाचे पैसे माझ्यात पडतात आणि कुणाचे माझ्या डोक्यावरून हातोहात जातात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? घंटागाडीवाल्याचे माझ्यात. केराबाईचे माझ्यात. चांगुणाचे माझ्यात. शरणप्पांचे हातात, सोसायटीच्या चेअरमनचे हातात. सिद्धराम दुष्ट नाही. कोरोनात चांगुणाच्या दारापर्यंत यानंच किराणा पोचवला होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं बसवेश्वरांची शपथ घेऊन सांगितलं असतं की मी असं काही करत नाही. मनापासून सांगितलं असतं. काय चाललंय ते फक्त त्याच्या हाताला ठाऊक होतं.

"मी ल्हान हुते," चांगुणा हळू बोलू लागली. "आमच्या गावचा दुकानदार माज्या आईला म्हणायचा, नाणं पायरीवर ठिव. मग त्यावर पाणी शिंपडायचा आन् मग उचलायचा. त्या नाण्यावर विलायतेच्या राजाचं तोंड हुतं. आईचा हात लागला की राजा बी बाटायचा बघ." ती थांबली. "म्हणून म्हणती, फोटो कुणाचाबी छापा. पाचशेवर छापा, न्हाईतर दहावर. ते ह्या हातातनं त्या हातात जातंय का, तेवढं बघा."

आतल्या दाराचा पडदा सरकवून रुद्राणी उभी होती. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"तगोरी," ती कानडीत नवऱ्याला एवढंच म्हणाली. घ्या.

सिद्धरामनं तळहात पुढं केला. चांगुणानं नाणं त्यावर ठेवलं, नुसतं सोडून दिलं नाही, बोटांनी दाबून ठेवलं. त्यानं नाण्यावरच्या चेहऱ्याकडं पाहिलं. घसा खाकरला. मग नाणं कपाळाला लावून म्हणाला, "मावशी, आमच्या देवघरात बसवेश्वरांचं पाचाचं नाणं आहे. त्याच्या शेजारी ठेवतो हे."

त्याला वाटलं, ती खूश होईल.

"देव्हाऱ्यात नगं," ती म्हणाली. "माज्या घरात बसून बसून कटाळलं ते. गल्ल्यात टाक आन् म्होरच्याला दे."

पुढचं गिऱ्हाईक शरणप्पाच होते. त्यांना चहाची पूड हवी होती. त्यांनी नोट दिली, दहा रुपये परत द्यायचे होते. सिद्धरामनं तेच नाणं उचलून त्यांच्यापुढं धरलं.

शरणप्पांचा हात अर्ध्यापर्यंत आला. मग तो वर गेला आणि चष्मा सारखा करू लागला.

"नोट नाही का?"

"नाही काका."

"हे चालत नाही रे कुठं."

"तुमचं आत्ताच चाललं की, काका."

"बरं बरं, ठेव तिथं ताटलीत. नंतर घेतो." पेपर अर्धाच टाकून ते निघून गेले. सगळे समान म्हणणारा माणूस इतका भरभर चालताना मी प्रथमच पाहिला.

ते नाणं अजून माझ्यात आहे.

सिद्धराम आता सगळ्यांचे पैसे हातात घेतो. सवयीनं मधूनच त्याचा हात मला पुढं सरकवायला येतो आणि मधेच थांबतो. बिचाऱ्याला कष्ट पडतात, पण तो करतो. मला दुसरं कामच उरलेलं नाही. मी फक्त हे एक नाणं सांभाळते. रुद्राणी मला रोज पुसते, नाणं उचलून पुसते आणि परत ठेवते, कारण ते शरणप्पांचं आहे.

"काका, तुमचे दहा रुपये," सिद्धराम रोज म्हणतो.

"असू दे, उद्या," शरणप्पा रोज म्हणतात.

हा माणूस एका रुपयासाठी पायरीवर तासभर उभा राहणारा. दहा रुपये सोडतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं माझं मन म्हणतं. नाणं दहाचं म्हणून नको, की चेहऱ्यामुळं नको, की ते कुणाच्या हातातून आलं हे पाहिलं म्हणून नको? पुरावा माझ्याकडं नाही. कदाचित ते नुसते ओशाळले असतील. ओशाळलेला माणूस आणि तिरस्कार करणारा माणूस पाठीकडून सारखेच दिसतात, आणि मला त्यांची पाठच दिसते.

काल चांगुणानं बाकावरून त्यांना गाठलंच. "शरणप्पा, रुपायासाठी भांडणारं मानूस तुमी. दहा रुपय सोडाया कवापासनं शिकलात?"

"बाई, तुम्ही उगाच संशय घेता," ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले.

"घेती की. उचला, म्हंजे फिटंल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कुणाचा तरी फोन आला, म्हणजे त्यांनी आला म्हणून कानाला लावला, आणि ते पायरी उतरले.

शरणप्पा, मी पत्र्याची ताटली. माझ्यात पडलेलं मला कुणाच्या हातावर ठेवता येत नाही. हात तुम्हाला आहेत. उद्या या, चांगुणाच्या समोर या, आणि नाणं उचला. मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलंय ते सगळं खोटं ठरू द्या. खोटी ठरायची माझी फार इच्छा आहे.