देवळीतलं झाड

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीले एक देवळी हाय, लहानसा कोनाडा. मी लगन होऊन आली तवा तिच्यात देव होते. पितळेचे टाक, शेंदरानं असे थापलेले का नाक-डोळे दिसू नये. बुद्धाचा धर्म घेतला तवा माह्या नवऱ्यानं, पंजाबरावानं, सगळे एका फडक्यात बांधले अन् नदीत नेऊन टाकले. बरंच केलं. ज्या देवानं आमच्या मानसाले कधी देवळाची पायरी चढू देल्ली नाई, त्याले घरात कायले पोसाचं? त्या फडक्याची गाठ मी सोता मारली. हे पयलेच सांगून ठेवते, म्हंजे मागाहून कोनी म्हनू नये का कांताबाईचा जीव देवात अडकला होता.

जीव अडकला होता तो सासूचा, मथुराबाईचा. तोंडातून तिनं शब्द काढला नाई. पन रोज सकाळी आंघोळ झाली का बुडी त्या रिकाम्या देवळीपुढे येऊन उभी राहे, जराशी पाहे, अन् मंग चुलीकडे जाय.

पंजाबराव तिकडे वस्तीत पुढारी झाला. चार पोट्टे संगं घेऊन घरोघरी जाय, कोनी देव लपवून ठेवला काय ते पाहाले. वस्तीतल्याच गोविंदाच्या मायनं ज्वारीच्या कोठीत एक टाक दडवला होता. पंजाबरावानं तो हुडकून काढला अन् साऱ्या वस्तीपुढे गोविंदाच्याच हातानं नालीत फेकाले लावला. म्हातारी दारात उभी राहून पाहत होती. मी घरी म्हटलं, "देव तर फेकाचाच होता. पन पोराच्या हातून मायची इज्जत कायले काढली?"

तर मले म्हने, "तुले समजत नाई."

हे त्याचं नेहमीचं. मी काई बोलली का मले समजत नाई. अन् त्याले सारं समजे.

एक गोष्ट मात्र त्यानं चांगली केलती. नलूले शिकवलं. एकुलती एक पोरगी आमची. फायनल पास झाली अन् नागपूरले नर्सच्या ट्रेनिंगले लागली, राळेगावच्या सगळ्या पट्ट्यात आमच्या लोकातली पयली. बाप सभेत छाती फुगवून सांगे, "उद्या माही पोरगी पाटलाच्या दंडात सुई टोचन अन् पाटील मुकाट्यानं टोचून घेईन." लोक हासत. मी मागून पानी देता देता आयको, अन् मलेही बरं वाटे. खोटं कायले बोलू.

थंडीत नलू सुट्टीवर आली ती यष्टीतून उतरली हातात ओलं फडकं धरून. फडक्यात एक रोपटं. हॉस्टेलच्या बाईनं देल्लं होतं. गवतासारखी लांब पानं, हिरवी, मधातून पांढरा पट्टा. म्हने, हे घरात ठेवाचं झाड हाय. मले हासूच आलं. आमच्याकडे झाड आंगनात राह्यते, घरात बकरी येते. म्हटलं, "तुह्या नागपुराले जागा कमी पडून राह्यली वाटते."

"माय, तू आयक तं," म्हने.

डालड्याच्या डब्याले तिनं खिळ्यानं बुडाशी भोकं पाडली. नदीची रेती, आंगनातली माती अन् कुजलेलं शेनखत कालवलं. झाड लावलं अन् डबा नेऊन ठेवला देवळीत. समोरच्या खिडकीतून तिथं उजेड येते, ऊन येत नाई. मंग मले शिकवत बसली. ऊन लागलं तर पानं करपतात. बोट खुपसून पाहाचं, माती कोरडी लागली तरच पानी द्याचं, नाई तर मुळ्या सडतात. शेंडे वाळले तर कैचीनं कापून टाकाचे. मोठं झालं का मधातून लांब दांडी निघन अन् तिच्या टोकाले पिल्लू लागन. ते पान्याच्या गिलासात ठेवलं का त्याले मुळ्या फुटतात.

"अन् मंग?"

"मंग पयलं पिल्लू माह्यासाठी ठेवजो. ट्रेनिंग झालं का मले सरकारी खोली भेटन. तिच्या खिडकीत ठेवीन मी."

एका पोरीची खोली, तिची सोताची, खिडकीवाली. मी जलमभर असं काई आयकलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या झाडाले मी लेकरावानी जपलं. बोट खुपसल्याबिगर पानी देल्लं नाई. बकरीले दावं आखूड केलं. अन् उन्हाळा लागता लागता खरंच दांडी निघाली, बारीक पांढरी फुलं आली, अन् टोकाले एक पिल्लू लागलं, आंगठ्याएवढं. मी रोज त्याले पाहो अन् मनात म्हनो, आता खोली लांब नाई.

मंग झाडाले काय झालं कोन जाने. पानं बुडापाशी चिकट लागाले लागली. शेंडे काळे पडले. मी पानी कमी केलं. मंग वाटलं, कमी झालं असन, तं वाढवलं. शेनखत बदललं. माहंच काई चुकून राह्यलं, असं समजून मी सोतालेच शिव्या देत होती. डबा भिंतीले टेकून होता. त्याच्या मांगं डोकावून पाहाचं मले सुचलं नाई.

ते गोविंदाले सुचलं.

बुद्धपौर्णिमेची बैठक आमच्या घरी होती. खोली मानसानं भरलती. गोविंदा देवळीपाशी बसला होता. बोलता बोलता त्यानं डबा पुढे ओढला, मांगं पायलं, अन् पुन्हा मांगं सरकवला नाई. डब्याच्या पाठीवर हळद-कुंकवाची बोटं होती, एकावर एक थापलेली. मातीत अक्षता होत्या. पानाच्या बुडाशी दिव्याचं तेल निथळलं होतं.

"पंजाबराव," तो म्हने, "हे कोनतं दैवत?"

कोनी हासलं नाई. हासले असते तर बरं झालं असतं.

पंजाबरावानं आधी माह्याकडे पायलं. मंग दाराआड बसलेल्या मायकडे. बुडीनं पदर तोंडावर ओढून घेतला होता, तिथंच सारं कळलं. तो उठला, डबा उचलला, अन् साऱ्याइच्या देखत बाहेर नेऊन उकिरड्यावर आपटला. मातीतून मुळ्या बाहेर आल्या, पांढऱ्या, जाड, बोटाएवढ्या. पिल्लावर त्याचा पाय पडला. त्यानं पायलंही नाई.

मले वाटलं, झालं, भागलं. पन गोविंदा काई आयकते? "डबा फेकून काय होते? दुसऱ्याच्या कोठीत हात घालनाऱ्याच्या घरात देव निघते." लोकं माना हलवत उठून गेले. दुसऱ्या बैठकीले आमच्याइथं कोनी आलं नाई. पंजाबरावानं आंथरलेली सतरंजी सोताच गुंडाळली. पोरीची आठवन आली नाई त्याले कधी एवढी, जेवढी त्या बैठकीची आली.

मंग त्यानं तोड काढली. नव्या रीतीचं लगन आमच्या गावात अजून कोनी केलं नव्हतं. हळद नाई, बाशिंग नाई, बामन नाई, पांढरं लुगडं अन् वंदना. बोलाले सारे तयार, पन आपल्या पोरीची हळद सोडाले कोनाची बायको तयार होईना. पंजाबराव म्हने, आपन करू. नलूचं. अन् नवरदेव कोन, तर गोविंदाचा भाचा, पांढरकवड्याले ट्रक चालवते तो. म्हंजे गोविंदाचं तोंडही बंद.

मी म्हटलं, "तिचं ट्रेनिंग अर्धं हाय."

"मले समाजात तोंड दाखवाचं हाय."

"तुमच्या तोंडासाठी तिची जिनगानी कायले लावता?"

"तुले समजत नाई," म्हने.

तो सोता नागपूरले गेला अन् आजी लय बिमार हाय म्हनून पोरीले घेऊन आला. नलू घाबरून आत आली, अन् आजी समोर तांदूळ निवडत बसलेली. पोरीनं एकदा आजीकडे पायलं, एकदा बापाकडे, अन् रिकाम्या देवळीकडे. आजीची बिमारी खोटी अन् बाहेरचा मांडव आपलाच, हे तिले सांगा लागलं नाई. रडली, पाया पडली, जेवन सोडलं. बाप बाहेर मांडवाच्या बल्ल्या मोजत होता.

मी मंग बुडीवर गेली. लय राग भरला होता माह्या आंगात. म्हटलं, "काहून केलं तुमी असं? पोरीचं वाटोळं झालं."

बुडीच्या हातातलं सूप थांबलं. म्हने, "देव तर यानं नदीत टाकले. पोट्टी परक्या गावात एकली. मी कोनाले सांगू? ते झाड तिच्या हातचं होतं. त्यालेच म्हटलं, बाप्पा, माह्या नलूचं शिक्षन पुरं होऊ दे. दुसरं काई मांगतलं नाई मी."

 मी तिच्यापाशी बसली अन् दोघी रडलो.

लगन लागलं. लय लोक आले. पंजाबरावानं भाषन केलं, आज आपली वस्ती अंधारातून सुटली म्हने. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात गोविंदानं वाजवल्या. नलू पांढऱ्या लुगड्यात मान खाली घालून बसली होती. बुडी त्या मांडवात आली नाई.

उकिरड्यावरून त्या झाडाचा गड्डा मी आधीच उचलून आनला होता. सडलेल्या मुळ्या कापल्या, परसात जुन्या मडक्यात लावला. लगनाच्या दुसऱ्या दिवशी मडकं आनून देवळीत ठेवलं. पंजाबरावानं पायलं. मी म्हटलं, "याले हात लावान तर मी या घरात राह्यनार नाई." त्यानं हात लावला नाई. झाड जगलं. बुडी मेली तवा त्याले नवी दांडी आलती.

नलू पयल्या बाळंतपनाले आली. पोरगी झाली. सासरी जाचा दिवस आला तवा मी गिलास तिच्यापुढे धरला. नव्या दांडीच्या पिल्लाले त्यात बोटभर मुळ्या फुटल्या होत्या. म्हटलं, "पयलं पिल्लू तुह्यं."

तिनं गिलास हातात घेतला, उलटून-पालटून पायला, अन् परत देवळीत ठेवला. म्हने, "कुठं ठेवू, माय? खोली भेटलीच नाई मले." मंग कैची मांगितली, झाडाचे वाळलेले शेंडे कापले, लेकरू खांद्याले लावलं अन् यष्टीकडे निघाली.

पंजाबराव दारात उभा राहून पाहत होता. मी त्याले म्हटलं, "देव नदीत टाकले ते बरं केलं. गाठ मी मारून देल्ली होती. पोरगी काहून टाकली?"

त्या दिवशी तो 'तुले समजत नाई' असं म्हनला नाई.