यंत्राच्या हातात हार

वडगाव रासाईच्या शाळेत माझी भाची मर्सी तिसरीला शिकवते. शाळेत संगणक नाही, पण संगणकाला काम कसं समजावून सांगायचं ते ती खेळातून शिकवते. एकानं यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी फळ्यावर हुकूम लिहायचा. यंत्रानं लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. हेडमास्तर जालिंदर सरांना हा पोरखेळ वाटे. त्यांनी मर्सीला बजावलं होतं, "सोमवारी तपासणीला साहेब येतायत. त्यांना पटलं तर ठीक, न्हाईतर त्या तासाला पाढे घ्यायचे."

सोमवारी यंत्र मी झाले. शिरूरच्या मिशन शाळेत अख्खी नोकरी पोरांना "डोकं चालवा" म्हणण्यात गेली. आता न चालवायची परवानगी मिळाली, ती कोण सोडतंय? आमच्या वेळी साहेब येणार म्हटलं की अंगण सारवायचं आणि कच्ची पोरं मागच्या रांगेत लपवायची. मर्सी त्यांनाच पुढं बसवते.

पोरांनी लिहिलं, 'दारातून माणूस आला की त्याला हार घाल.' वर्गातल्या ऋतिकाच्या शेतातल्या झेंडूचा हार माझ्या हातात होता, साहेबांसाठीची शाल आणि नारळ शेजारी टेबलावर. हुकुमातली फट मला दिसली. पण यंत्र बोलत नसतं.

गाडी वाजली. जालिंदर सर बाहेर धावले. तेवढ्यात खिचडी शिजवणारी चांगुणा पोरं किती ते विचारायला आत आली. मी तिला हार घातला.

"अगं बया, मला कशापायी? खिचडीत अजून मीठ पडलं न्हाई."

"मावशी," मर्सी दात आवळून म्हणाली.

"आजीचं न्हाई चुकलं," ऋतिका म्हणाली. "पाव्हणा कसा वळखायचा ते आपुन लिहिलंच न्हाई."

घातलेला हार काढून दुसऱ्याला घालत नाहीत. शाल आणि नारळ उरले.

"आपुन समदे चपला भाईर काढतो," गोकुळ म्हणाला. "साहेब लोक कवाच काढत न्हाईत."

लगेच फळ्यावर आलं, 'बूट घालून आत येईल त्याला शाल दे.'

साहेब दाराशी पोचलेच होते. त्यांनी ते वाचलं, निमूट बूट काढले आणि मोज्यांवर आत आले. मी जागची हलले नाही. मागोमाग त्यांची बॅग घेऊन जालिंदर सर घाईघाईनं बुटांसकट शिरले. मी त्यांना शाल पांघरली.

"बाई, साहेब ते हायेत," सर कुजबुजले.

"त्यांच्या पायात बूट कुठं हाय?" गोकुळनं विचारलं.

साहेब हसू दाबत फळ्याकडं गेले. "नारळाचा हुकूम मी लिहितो." त्यांनी लिहिलं, 'सर्वांत हुशार मुलाला नारळ दे.'

"हुशार कोन, ते यंत्राला कसं कळनार?" ऋतिका म्हणाली.

त्यांनी पुसलं. पुन्हा लिहिलं. पोरांनी त्यातही खोट काढली. बाहेर चांगुणा हार घालूनच पंगत मांडायला लागली, तरी साहेबांच्या हातातला खडू सुटेना.

निघताना ते सरांना म्हणाले, "पाढे दुसऱ्या तासाला घ्या. हा तास राहू द्या, मला अजून जमलेला नाही."