घरच्या कपाळावरचा हात

“तू उनातून पळत आलास. लिंबाखाली बस, शंभरपोतर आकडे म्हन, मंग ये,” असं म्हणत दगडाबाईंनी त्या मुलाला रांगेतून बाजूला काढलं.

“आजी, मी नासलोय म्हना ना. घरी जातो.”

“नासायला आदी अंगात दूध असावं लागतं बाबा. बस तिकडं.”

रांग हसली. मुलगा लिंबाखाली जाऊन मोठ्याने आकडे म्हणू लागला. मी त्या शाळेतली शिक्षिका, शाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसले होते. दगडाबाई एकेका मुलाच्या कपाळावर हाताची पालथी बाजू टेकवत, दोन श्वास थांबत आणि मान हलवत. त्यांनी मान हलवली की मी नावापुढे बरोबरची खूण करायची.

साल २००९, ऑगस्ट महिना. पुण्यात स्वाईन फ्लूने माणसं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि आमच्या तालुक्यातली निम्मी तरुण मुलं पुण्यातच कामाला होती. तालुक्याच्या गावाहून, वडवणीहून, परिपत्रक आलं. रोज सकाळी प्रत्येक मुलाची तपासणी करायची. ताप, खोकला, घसा बघायचा आणि घरी पुण्याहून कोणी आलं आहे का ते विचारायचं. ताप शंभरच्या वर असेल तर मूल सात दिवस घरी. ज्या घरात तापाचं माणूस असेल, त्या घरातल्या कोणीही सात दिवस शाळेच्या अन्नाला हात लावायचा नाही. आणि जेवणाआधी सर्वांनी साबणाने हात धुवायचे.

पाऊस नव्हता. टँकर एक दिवसाआड येत होता. शाळेत मुलं एकशे एकेचाळीस, आणि आरोग्य उपकेंद्रातून मिळालेली तापाची कांडी एकच. ती काखेत पाच मिनिटं ठेवावी लागते. मी गणित मांडून मुख्याध्यापक आसाराम सरांना दाखवलं. एका फेरीला पावणेबारा तास लागत होते.

“मग लिहा सगळ्यांना अठ्ठ्याण्णव,” सर थकलेल्या आवाजात म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात दगडाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “संस्थेत सकाळी साठ जनांचं दूध यायचं. समद्यांचं दूध येंत्रात घालाया बसलो असतो तर टेम्पो निघून गेला असता. आदी नाकानं बगायचं. ज्याचा संशय, त्येच येंत्रात.”

दगडाबाई अठरा वर्षं गावच्या दूध संस्थेत होत्या. आलेलं दूध सामायिक कॅनमध्ये ओतण्याआधी तपासणं हे त्यांचं काम. एका घरचं आंबलेलं दूध आत गेलं की चाळीस लिटरचा कॅन वाया, मग तो कॅन कोणाकोणाच्या दुधाचा होता याची भांडणं. त्या उन्हाळ्यात चारा संपला, जनावरं बाजारात गेली, दूध आटलं आणि संस्थेला कुलूप लागलं. जूनपासून त्या शाळेची खिचडी शिजवत होत्या. गावात तीन बायका त्या कामावर डोळा ठेवून होत्या. त्यांतली चंद्रभागाबाई शाळा समितीच्या एका सदस्याची भावजय होती.

अशी आमची पद्धत ठरली. आधी दगडाबाईंचा हात, मग संशयितांना माझी कांडी.

मी रसायनशास्त्र घेऊन पदवी केलेली. माझा हातावर विश्वास नव्हता. पहिले चार दिवस मी त्यांना न सांगता, त्यांनी ‘ठीक’ म्हटलेल्यांतली दहा-दहा मुलं निवडून कांडी लावली. चाळीस मुलांत एकही चूक सापडली नाही. त्यांनी बाजूला काढलेल्या सात जणांपैकी सहांना ताप होता.

मग मी त्या काय करतात ते बघायला लागले. तपासणी संपेपर्यंत त्या चूल पेटवत नसत. फाटकावर येण्याआधी शाळेच्या उत्तरेकडच्या दगडी भिंतीला, जिथे ऊन पोचत नाही, दोन्ही हात पालथे टेकवून उभ्या राहत. दर वीस-पंचवीस मुलांनंतर पुन्हा भिंतीकडे जात. मी कारण विचारलं.

“माझाच हात तापला तर मला समदे गार लागतील की.”

तराजू आधी शून्यावर आणावा, हे मला कॉलेजात दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. त्यासाठी प्रयोगशाळेत एक पितळी स्क्रू होता.

“आणि एवढं अचूक कळतं कसं?”

“अचूक कुटं? ताप किती ते मला न्हाई सांगता यायचं. काल कसं व्हतं आन आज कसं हाय, येवडाच फरक कळतो. ते मोहनरावाच्या घरचं पोरगं मुळातच गरम. त्येचं आजचं कपाळ दुसऱ्या कुनाला असतं तर मी त्याला धाडलं असतं घरी.”

हात धुण्याचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. संस्थेतलं दुधाचा नमुना काढायचं छोटं माप त्यांनी घरून आणलं. एक माप पाणी हात ओले करायला, मग साबण, मग दोन मापं धुवायला. मी ते माप मोजून पाहिलं, पन्नास मिलिलिटर. एकशे एकेचाळीस मुलांचे हात एकवीस लिटर पाण्यात धुतले जात, आणि ते पाणी घमेल्यात साठून लिंबाला जाई.

मोहनराव शाळा समितीचे अध्यक्ष होते आणि बंद पडलेल्या दूध संस्थेचेही. पहिल्याच आठवड्यात ते बघायला आले, तर दगडाबाईंनी त्यांना फाटकातच थांबवलं आणि कपाळाला हात लावला. मुलं श्वास रोखून बघत होती.

“बगा म्याडम,” मोहनराव मला म्हणाले, “अठरा वर्सं हिनं माझ्या म्हशीचं दूध हुंगलं. आता मलाच हुंगती.”

“तवा दोनदा परत धाडलं व्हतं,” दगडाबाई म्हणाल्या. “जावा आत. आज नासलेलं न्हाई.”

पोळा झाला. जनावरं नसलेल्या गावातला पोळा. मातीचे बैल पुजून लोकांनी पुरणपोळ्या केल्या. सणाला दगडाबाईंचा मुलगा सुग्रीव पुण्याहून आला होता. तो तिकडे एका कारखान्यात कामाला होता आणि त्याची मुलगी गोदावरी, सगळे तिला गोदी म्हणत, आजीजवळ राहून आमच्या शाळेत तिसरीत शिकत होती. सुग्रीव चार दिवस राहिला आणि रविवारी परत गेला. सोमवारी सकाळी वहीतल्या पुण्याच्या रकान्यासाठी दगडाबाईंनी स्वतःच मला सांगितलं, “गोदीचा बाप येऊन गेलाय. लिवा.” मी लिहिलं. गोदी ठणठणीत होती.

बुधवारी रांग नेहमीसारखी सरकत होती. गोदी आली तेव्हा दगडाबाईंचा हात वर गेला आणि कपाळाशी पोचण्याआधी थांबला. त्यांनी तो खाली घेतला.

“हिला तुमी बगा, म्याडम.”

“का? बरं नाही वाटत का तिला?”

“मला ठाव न्हाई. रात्रीपासून मला ती बरी हाय आसंच वाटतंय. म्हनून म्हनती, तुमी बगा. हिच्यावर माझा हात खरा न्हाई.”

मला नीट कळलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी आवाज खाली आणला. “संस्थेत माझ्या म्हशीचं दूध मी कंदी तपासलं न्हाई. ते सेक्रेटरी बगायचे. घरच्या दुधाला आपलं नाक खोटं बोलतं.”

गोदी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिचे डोळे जरा जास्त चमकत होते. मी तिला व्हरांड्यात नेऊन बसवलं, कांडी स्पिरिटने पुसली, तिच्या काखेत ठेवली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाल्यावर पारा वाचला. शंभर आणि तीन रेघा. एक रेघ म्हणजे पॉइंट दोन. शंभर पॉइंट सहा.

सात दिवस गोदी घरी बसली असती, ते ठीकच. पण परिपत्रकाप्रमाणे दगडाबाईंना सात दिवस अन्नाला हात लावता येणार नव्हता, आणि त्या सात दिवसांत जी बाई चुलीपुढे बसेल, ती उठणार नव्हती. हे मला माहीत होतं, आसाराम सरांना माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. मुलीला साधी सर्दी असेल, संध्याकाळपर्यंत उतरेल, असं मी स्वतःला सांगितलं. कांडी दोनदा झटकली. पारा खाली उतरला.

“नव्याण्णव पॉइंट चार,” मी फाटकाशी येऊन म्हणाले. “बसू द्या वर्गात.”

दगडाबाईंनी हात पुढे केला. “कांडी बगू.”

“झटकली मी.”

“दाखवायच्या आदीच? कावून?”

 त्यांच्या आवाजात राग नव्हता. दूध घालायला आलेल्या बाईला त्या जसं विचारत असतील, धार कवा काढली, भांडं कुठलं होतं, तसं विचारलं.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या. “मी इथंच हाय.”

त्या व्हरांड्याच्या पायरीपासून दूर, खालीच उभ्या राहिल्या. मी पुन्हा कांडी लावली.   गोदीने पाय हलवायचे थांबवले होते. वेळ झाल्यावर मी कांडी न बघता दगडाबाईंपुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही, माझ्या हातातच उजेडाकडे वळवून घेतली. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण अठरा वर्षं दुधाच्या काट्यावरच्या रेघा त्यांनी वाचल्या होत्या.

“शंभर. आन वर चार रेघा.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “मगाशी किती व्हतं?”

“शंभर,” मी म्हणाले. “आणि तीन रेघा.”

“म्हंजी पाच-सात मिनिटांत एक रेघ चढली. चढता ताप हाय. दोनी लिवा.”

मी दोन्ही आकडे लिहिले. काहीही न खोडता, वेळ घालून. माझं अक्षर त्या ओळीत वेगळं दिसतं.

मी पुढे काय बोलणार होते, मला आठवत नाही. माफी मागणार होते बहुतेक. पण दगडाबाईंनी तो विषय संपवला होता. त्या आता आसाराम सरांना लांबूनच सांगत होत्या. “सर, चूल पेटीवली न्हाई अजून. आज कशालाच हात लावला न्हाई मी. तांदूळ काल निवडलेत, ते माझ्या हातचे हायत, बाजूला ठिवा, दुसरे घ्या. मीठ तीन मुठी, पर तुमच्या मुठी मोठ्या, अडीच टाका.” मग गोदीचं दप्तर खांद्याला अडकवलं आणि तिचा हात धरून त्या रस्त्याला लागल्या. फाटक त्यांनी कोपराने ढकललं.

त्या दिवशी खिचडी आसाराम सरांनी आणि मी केली. खाली लागली. मुलांनी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून चंद्रभागाबाई आली.

गोदीला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घरीच ठेवायला सांगितलं, घशाचा नमुना घ्यावा इतकं काही वाटत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो कसला ताप होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरीच्या वर्गात पुढचे दहा दिवस कोणाला ताप आला नाही. तो तिला घरी ठेवल्यामुळे आला नाही, असं मी म्हणू शकत नाही. आला नाही, एवढं माझ्या वहीत आहे.

त्या आठवड्यात फाटकावर मी उभी राहिले. भिंतीला हात टेकवायचे, मग कपाळाला. पहिल्या दिवशी मी तेवीस मुलं बाजूला काढली, त्यांतल्या दोघांना ताप निघाला. दुसऱ्या दिवशी अकरा काढली. संध्याकाळी काळी-पिवळी जीपमध्ये बसून वडवणीला परतताना मी माझ्या हाताकडे बघत असे. मला चार भिंतींच्या प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यांनी, तीन वर्षं शिकवलेलं होतं. निरीक्षण करणाऱ्याची इच्छा निरीक्षणात उतरते, हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या वाक्याप्रमाणे असं वागताही येतं, हे मला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी दगडाबाई आल्या. गोदीला त्यांनी रांगेत उभं केलं. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं, तेवढंच. मग त्या स्वतः रांगेच्या शेवटी, पहिलीतल्या मुलांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“आजी, तू कावून रांगंत?” पुढच्या मुलीने विचारलं.

“माझी परात हाय आत. विळी हाय. आत जायचं तर रांगंतनंच.”

“तू काय साळंतली हायेस का?”

“आसंल की. तू सरक म्होरं.”

मी भिंतीकडे जाऊन आले. गोदीचं कपाळ कोरडं होतं, गार होतं. तरी मी कांडी लावली. अठ्ठ्याण्णव. ती वर्गात पळाली. एकेक मूल आत गेलं. शेवटी दगडाबाई पुढे आल्या, पायताण फाटकाबाहेर काढलं आणि कपाळावरचा पदर मागे सारला. कपाळावर उन्हाची आणि चुलीची जुनी रेघ होती, पदराखालचा भाग फिका.

“दगडाबाई, मी समितीशी बोलते,” मी म्हणाले. “मोहनरावांना सगळं सांगते, मी काय केलं तेही.”

“तुमचं काय सांगायचं ते तुमी सांगा. चुलीचं ऱ्हाऊ द्या. चंद्रभागेला बी पोरं हायत.” त्या हसल्या. “हात लावा म्याडम. उन लागतंय.”

मी हात टेकवला. दोन श्वास थांबायचं होतं, मी जास्त थांबले असेन.

“लागला का अंदाज?”

“लागला.”

“तुमचा हात गार हाय,” त्या म्हणाल्या. “बराबर हाय. आता लिवा.”

वहीत एकशे एकेचाळीस नावं होती. मी खाली रेघ ओढून त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली. त्यांनी ती उलटीकडून नीट बघितली, पदर कपाळावर ओढला आणि परात आणायला आत गेल्या.